धोपेश्वरकरांची सही

फरीदाबादच्या आमच्या औद्योगिक पट्ट्यात 'दीनानाथ विष्णु धोपेश्वरकर' हे नाव न अडखळता उच्चारू शकणारी माणसं तीन. एक ते स्वतः, दुसऱ्या त्यांच्या पत्नी कल्पनावहिनी आणि तिसरा मी. बाकी सगळ्यांसाठी ते 'धोपेजी'. पहिली काही वर्षं ते लोकांना दुरुस्त करत, मग त्यांनी नाद सोडला. त्याचा सूड मात्र ते सहीत उगवतात. देवनागरीत, तिन्ही नावं पूर्ण, एक काना गाळायचा नाही, खाली तारीख आणि तारखेशेजारी वेळ. बँकेच्या फॉर्मवरच्या चौकोनात ही सही आजवर मावलेली नाही. ती चौकोन ओलांडून शेजारच्या 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' या जागेत जाऊन बसते.

लांबी एकवेळ परवडली. खरा वैताग हा, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हा माणूस कशावरही सही करत नाही. कुरियरच्या कागदावर 'पार्सल सुस्थितीत मिळाले' असं लिहिलेलं असतं. मग सुस्थितीत आहे की नाही ते आधी बघायला नको? कुरियरवाला दारात उभा आणि हे आत कात्री शोधतायत. आता त्या भागातले कुरियरवाले खालूनच वहिनींना फोन करतात, "मैडम, सर घर पे तो नहीं हैं ना?"

त्यांच्या सोसायटीने एकदा चूक करून त्यांना कमिटीवर घेतलं. लिफ्टचा मेकॅनिक देखभालीचा कागद घेऊन सहीला आला. ब्रेक पाहिला का, यांनी विचारलं. "देखा है जी." "मुझे भी दिखाओ." आणि साठीचे गृहस्थ नवव्या मजल्यावरच्या मशीनच्या खोलीत दीड तास. तोवर लिफ्ट बंद. वरच्या मजल्यांवरच्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढल्या आणि पुढच्या निवडणुकीत त्यांनी यांना एकजुटीने पाडलं.

मुलगी केतकी शाळेत होती तेव्हाची गोष्ट वहिनी अजून सांगतात. प्रगतिपुस्तकात 'वागणूक: उत्तम' असा शेरा होता. यांचं म्हणणं, शाळेतली वागणूक मी पाहिलेली नाही, घरातली पाहिली आहे आणि ती उत्तम नाही. पोर रडकुंडीला आली. शेवटी वहिनींनी सही केली. त्या घराचा सगळा कारभार वहिनींच्या 'क. धो.' या दोन अक्षरांवर चालतो.

आता मी कोण ते सांगतो. मी हेरंब, मूळचा पुण्याचा. गेली अकरा वर्षं फरीदाबादच्या एका छोट्या कारखानदार संघटनेत कार्यालय सचिव आहे. सचिव म्हणजे काय, तर अठरा मालकांना जे करायचं नसतं ते मी करतो. दर शनिवारी या अठरा कारखान्यांच्या कामगारांना आळीपाळीने सुरक्षेचे धडे देण्याचं काम मीच धोपेश्वरकरांना मिळवून दिलं. ते एका मोठ्या कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि घरात वहिनींच्या गॅसच्या नळीची तारीख रोज वाचत होते. काम मिळालं तेव्हा वहिनींनी मला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली.

गेल्या हिवाळ्यात कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र आलं. कामगारांना शिकवलंत ते ठीक, आता मालकांनी स्वतः एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं, परीक्षा द्यावी आणि प्रमाणपत्र फाइलला लावावं. तपासणीला माणूस येणार होता पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी. 'स्वतः' या शब्दाखाली खात्याने रेघ मारली होती. खात्याला आमच्या लोकांचा अनुभव असावा.

संघटनेचे अध्यक्ष अंशुमन भसीन. यांचा कारखाना मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या करतो आणि हे राहतात गुरुग्रामला, बाविसाव्या मजल्यावर. रोज तिथून इथे येतात. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी न मागता आपली गाडी पाठवली होती. पण कागद म्हटला की तो दुसऱ्या कुणीतरी भरायचा असतो, अशी त्यांची जन्मजात समजूत आहे. पत्र वाचून ते म्हणाले, "हेरंबजी, करवा दीजिए." मी करवून दिलं. हॉल ठरवला, जेवण सांगितलं, धोपेश्वरकरांना सांगितलं. आणि अठरा मालकांच्या नावांची सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं आदल्या दिवशीच छापून आणली. हे माझं पाप आधीच कबूल करून टाकतो.

वर्गाच्या दिवशी धोपेश्वरकर आठलाच हजर. आल्या आल्या विचारलं, "हेरंब, या हॉलचं संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठलं?"

मी पडद्यामागचं दार दाखवलं. त्याला कुलूप होतं. दारासमोर आमच्या दिवाळी मेळाव्याच्या कमानी, दोन बंद कूलर आणि एक लाकडी मोर.

"किल्ली?"

"भसीनसाहेबांकडे असेल."

"असेल हे उत्तर झालं का रे? आत सुरक्षेचं व्याख्यान आणि दाराला कुलूप. हे दार उघडत नाही तोवर मी तोंड उघडणार नाही."

मग काय, थंडीत घाम गाळत मी आणि चौकीदाराने कूलर हलवले, मोर उचलला, लोहाराला बोलावून कुलूप तोडलं. दार उघडलं तसे धोपेश्वरकर त्यातून बाहेर गेले, पुढच्या दाराने आत आले आणि मग त्यांनी चहा घेतला.

साडेनऊला हॉल भरला. अठराच्या अठरा खुर्च्या भरलेल्या पाहून माझा ऊर भरून आला. मग मी नीट पाहिलं. सगळ्यांच्या अंगावर पांढरे सफारी. प्रत्येकासमोर टेबलावर गाडीची किल्ली. सगळे वेळेवर आलेले. तिथेच मला कळायला हवं होतं.

धोपेश्वरकरांनी हजेरी सुरू केली. "श्री अंशुमन भसीन?"

मागच्या रांगेतून आवाज आला, "हाजिर, साहब."

आवाज रामसकल महतोचा होता. रामसकल भसीनसाहेबांचा ड्रायव्हर. अठराच्या अठरा मालकांनी आपापले ड्रायव्हर पाठवले होते.

धोपेश्वरकर चष्म्यावरून बघत राहिले. "रामसकल? तुम?"

"साहब ने भेजा है. बोले, बैठ के मेरे नाम का दस्तखत कर देना, खाना अच्छा मिलेगा."

हॉल हसला. मीही हसलो. धोपेश्वरकर हसले नाहीत. रामसकल उजवा हात टेबलाखाली घेऊन बसला होता. तो का, हे त्या हॉलमध्ये फक्त आम्हा तिघांना माहीत होतं आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेवीस वर्षांपूर्वी धोपेश्वरकर आणि रामसकल एकाच कारखान्यात होते. तो कारखाना आता बंद झाला आहे. रामसकल प्रेसवर काम करायचा. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, वाकवणारं यंत्र, त्यात वरचा लोखंडी ठोकळा खाली आपटतो. हात मध्ये राहू नये म्हणून त्याला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. पण माल भराभर काढायचा असला की एक बटण दाबलेल्या स्थितीत बांधून टाकतात. मग एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. माल दीडपट निघतो आणि एक हात ठोकळ्याखाली जात राहतो. हे पाहायला दर सोमवारी सुरक्षा अधिकाऱ्याने सगळी यंत्रं फिरून तपासायची आणि तक्त्यावर सही करायची. त्या सोमवारी थंडी होती. धोपेश्वरकरांनी खुर्चीत बसून, चहा पीत पीत, चाळीस यंत्रांपुढे 'ठीक' लिहिलं आणि खाली सही ठोकली. तेव्हा त्यांची सही लहान होती, नुसतं 'दी. धो.' अकराच्या सुमारास रामसकलच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पण धोपेश्वरकरांना जे आजही टोचतं ते याच्या पुढचं आहे. चौकशीत तो तक्ता निघाला. यंत्र 'ठीक' होतं असं अधिकाऱ्याच्या सहीने लिहिलेलं. मग बटण कामगारानेच नंतर बांधलं असणार. निष्कर्ष निघाला, कामगाराचा निष्काळजीपणा. रामसकलची नोकरी गेली. धोपेश्वरकरांना कुणी एक शब्द विचारला नाही. "माझ्या सहीने मला वाचवलं आणि त्याला बुडवलं," हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, जेवताना, पानाकडे बघत. वहिनी उठून आत गेल्या होत्या.

पुढे धोपेश्वरकरांनीच त्याला गाडी शिकायला लावली, शेजारी बसून सराव करून घेतला, भसीनसाहेबांकडे चिकटवून दिलं. दर दिवाळीला रामसकल बालूशाहीचा डबा घेऊन येतो आणि वहिनींच्या चकल्या घेऊन जातो. दोघे गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलतात. त्या सोमवारबद्दल दोघांनी कधी तोंड उघडलेलं नाही.

तर तो रामसकल आज मालकाच्या नावाने सही करायला बसला होता. धोपेश्वरकरांनी हजेरीवही मिटली. मी लगबगीने जवळ गेलो.

"दीनानाथराव, सोडा यार. दिल्लीचा मुलूख आहे हा. सह्या घेऊ, फोटो काढू, पनीर खाऊ, संपलं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गपचूप जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. मला वाटलं, आता हे पिशवी उचलून निघणार. पण ते हॉलकडे वळले.

"भाइयो, दिन तो आपका गया. अब सीखना है कि सिर्फ खाना है?"

एकजण म्हणाला, "छुट्टी तो मिलनी नहीं है, साहब. सिखा दो."

आणि त्यांनी साडेनऊ ते साडेपाच शिकवलं. हातचं काही राखलं नाही. मागच्या मैदानात जुना टायर पेटवून प्रत्येकाकडून आग विझवून घेतली. माझ्या टेबलावरच्या दोन घंट्या घेऊन त्यांची दोन बटणं केली आणि मध्ये पनीरचा तुकडा ठेवून, एक घंटी बांधली की काय होतं ते स्टीलच्या डब्याने आपटून दाखवलं. पनीरचं जे झालं ते पाहून जेवणाच्या वेळी तिघांनी डाळ घेतली. ड्रायव्हरांनी विचारलेले प्रश्न मी मालकांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. "साहब, मालिक लोग फोन पे बात करते-करते मशीनों के बीच घूमते हैं, वो चलेगा?" "साहब, पीछे के दरवाजे के आगे हमारे यहाँ मंदिर बना दिया है, अब भगवान को कौन हटाए?"

संध्याकाळी तोंडी परीक्षा झाली. सतराजण पहिल्या फटक्यात पास, एक दुसऱ्या. मग धोपेश्वरकरांनी प्रमाणपत्रं मागितली. मी जीव मुठीत धरून सोनेरी किनारीचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी अठराच्या अठरा वाचली.

"या माणसांना मी वर्गात पाहिलेलं नाही," एवढंच म्हणाले. गठ्ठा मला परत दिला, कोरे कागद मागवले आणि अठरा ड्रायव्हरांच्या नावाने हाताने प्रमाणपत्रं लिहिली. अठरा पूर्ण सह्या, अठरा तारखा, अठरा वेळा. प्रत्येक ड्रायव्हर आपला कागद दोन्ही हातांनी घेत होता. मला त्या क्षणी माझ्या सोनेरी किनारीची लाज वाटली. पण लाज वाटून फाइल भरत नाही.

दुसऱ्या दिवशी भसीनसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. शांत होते, म्हणजे भडकले होते.

"धोपेजी, शुक्रवार को आदमी आ रहा है और मेरी फाइल में मेरे ड्राइवर का सर्टिफिकेट लगा है."

"आप एक दिन बैठिए, आपका भी बना दूँगा."

"टाइम कहाँ है? रोज तीन घंटे तो गाड़ी में निकल जाते हैं. देखिए, ऐसे सर्टिफिकेट आजकल व्हॉट्सॲप पर मिलते हैं. एक आदमी है, फोटो भेजो, शाम तक आ जाता है. कहता है, मजदूरों वाला शनिवार का काम भी दे दो. मैंने आपका लिहाज किया है."

धोपेश्वरकरांच्या चेहऱ्यावरचा रंग मी पाहिला. मालकांच्या प्रमाणपत्रांचं त्यांना काही वाटत नव्हतं. शनिवारचं वाटत होतं. अठरा कारखान्यांतले दोन हजार कामगार आता त्या फोटोवाल्याकडे जाणार होते आणि तो एकाही प्रेसजवळ जाणार नव्हता.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे पोहे खायला गेलो. खरं म्हणजे वहिनींनीच बोलावलं होतं, समजवायला.

"अहो, करून टाका सह्या," वहिनी म्हणाल्या. "तुमचं तत्त्व मोठं की दोन हजार माणसांची बोटं? तुम्ही नसलात तर शनिवारी त्यांना कोण बघणार आहे, सांगा बघू."

"बरोबर आहे वहिनींचं," मी म्हणालो. आणि मला खरोखरच तसं वाटत होतं.

धोपेश्वरकरांनी पोह्यांतले दाणे एका बाजूला काढून रांगेत लावले. मग म्हणाले, "कल्पना, तुझं बरोबर आहे गं. पण न बघता 'ठीक' लिहायला हात उचलत नाही, त्याला मी काय करू?"

वहिनींनी त्यांच्या पोह्यांवर अजून थोडं खोबरं घातलं. मी दुसऱ्यांदा पोहे न घेताच निघालो, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते कळेल.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही. धोपेश्वरकरांच्या नियमाने मला त्याखाली सही करता येणार नाही. पण ते मला रामसकलने सांगितलं आणि नंतर भसीनसाहेबांनीही सांगितलं आणि दोघांचं जमतं.

सोमवारी सकाळी गुरुग्रामहून येताना टोलनाक्याअलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. भसीनसाहेब मागे बसून फोन चाळत होते. रामसकल आरशात बघून म्हणाला, "सर, एक बात पूछूँ? अपनी फैक्टरी का पीछे वाला दरवाजा खुलता है?"

"खुलता होगा."

"धोपे साहब बोले हैं, 'होगा' जवाब नहीं होता."

भसीनसाहेबांनी फोन खाली ठेवला. अकरा वर्षांत या माणसाने त्यांना रस्त्याखेरीज काही विचारलं नव्हतं. रागवायचं की हसायचं ते त्यांना ठरवता येईना आणि गाडीतून उतरून जायला जागा नव्हती. कारखान्यात पोचल्यावर, केवळ रामसकलला गप्प करायला म्हणून, ते मागच्या दाराकडे गेले. दार उघडलं नाही.

मंगळवारी रामसकलने आग विझवायच्या नळकांड्यावरचा काटा हिरव्यात असावा की लालात, ते विचारलं. उत्तर चुकलं. त्याने फरीदाबादेत शिरेपर्यंत तीनदा पाठ करून घेतलं. बुधवारी तो मुकाट गाडी चालवत होता. शेवटी भसीनसाहेबच म्हणाले, "क्यों भई, आज छुट्टी है क्या?"

सिग्नल लाल होता. रामसकलने स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून मागे दाखवला.

"आज ये है, सर."

अकरा वर्षं रोज तीन तास त्या हातामागे बसून भसीनसाहेबांनी तो हात पाहिलेला नव्हता. म्हणजे पाहिला होता. गावाकडे काहीतरी झालं असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. रामसकलने दोन बटणांची गोष्ट सांगितली. धोपेश्वरकरांचं नाव त्याने घेतलं नाही. शेवटी विचारलं, "सर, अपने प्रेस पर दोनों बटन चलते हैं?"

या वेळी भसीनसाहेब 'चलते होंगे' म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी थेट मागच्या शेडला लावायला सांगितली आणि म्हणाले, "तू भी चल."

ड्रायव्हर लोक दिवसभर करतात काय, तर एकमेकांची वाट बघत चहा पितात. रामसकलची ही गाडीतली शाळा टपरीवर सोमवारीच कळली होती. मंगळवारपासून आमच्या आणखी काही मालकांचे गाडीतले हाल सुरू झाले.

गुरुवारी दहाला मी कार्यालयात आलो तर हॉलसमोर नऊ गाड्या. मालक बाहेर उभे. प्रत्येकाच्या शेजारी त्याचा ड्रायव्हर, हातात वर्गातली टिपणं. "सर, घबराना नहीं. पिन पहले, फिर नली, फिर आग की जड़ पे." कोट्यवधींची उलाढाल करणारे ते लोक ओठ हलवत उजळणी करत होते. मी धावत जाऊन धोपेश्वरकरांना फोन केला, "दीनानाथराव, ताबडतोब या, विद्यार्थी आलेत!" ते आले, पडद्यामागचं दार उघडून पाहिलं आणि खुर्चीत बसले.

पहिले भसीनसाहेब. रामसकल मागे भिंतीला टेकून उभा, स्वतःची परीक्षा असल्यासारखा घामाघूम.

"आपका पीछे का दरवाजा?"

"अब खुलता है. सामने माल पड़ा था. हटवाया. मैंने खुद बाहर निकलके देखा."

आगीचे प्रश्न झाले, विजेचे झाले. एक चुकला, बाकी बरोबर. मग धोपेश्वरकरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"प्रेस के बटन?"

"चार नंबर पर दायाँ बटन साइकिल की ट्यूब से बँधा था. मैंने अपने हाथ से खोला. फिर बाकी देखे. तीन और बँधे थे."

"और आपके सुपरवाइजर का तक्ता? उस पर क्या लिखा था?"

"ठीक," भसीनसाहेब म्हणाले. "सब पर ठीक."

धोपेश्वरकरांनी चष्मा काढला. तो पुसला, घातला, पुन्हा काढला. मी एवढी वर्षं त्यांना ओळखतो, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मलाही भरून आलं. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. मी कपाटातून सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र काढून दिलं. त्यांनी ते वाचलं. पेन उघडलं. आणि थांबले.

"इथे प्रशिक्षकाची सही आहे," ते मला म्हणाले. "यांना मी कुठे शिकवलंय?"

मी कपाळाला हात लावला. "दीनानाथराव, उद्या तो माणूस येतोय हो! आता नका ना!"

"खाली परीक्षकाची जागा आहे, तिथे मी करतो. परीक्षा मी घेतली, मी पाहिली. पण वर..." त्यांनी मान वळवली. "रामसकल, इधर आओ."

"मैं, साहब?"

"तुमने सिखाया है. दस्तखत तुम्हारा."

रामसकलने भसीनसाहेबांकडे पाहिलं. भसीनसाहेब उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली. तो बसला, पण पेन लगेच उचललं नाही. धोपेश्वरकरांच्याच वर्गात शिकलेला होता, आधी सगळा कागद वाचला, ओळीवर बोट ठेवून. मग अंगठा आणि उरलेल्या बोटांत पेन धरून हळूहळू लिहिलं, रामसकल महतो. खाली तारीख. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ. तो हात टेबलावर होता, सगळ्यांसमोर.

त्याने कागद धोपेश्वरकरांकडे सरकवला. त्यांनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"रामसकल," ते म्हणाले, "उस दिन मैंने देखा नहीं था. बिना देखे लिख दिया था."

"मालूम है, साहब," रामसकल म्हणाला. "तेईस साल से मालूम है. अब दस्तखत कीजिए. आपका नाम बहुत लंबा है और पीछे आठ लोग खड़े हैं."

धोपेश्वरकरांनी सही केली. तिन्ही नावं, पूर्ण.